काकूंच्या हातचं बोलणं

मास्तरांच्या दुकानात पहिल्यांदा आलेला माणूस हमखास गोंधळायचा. माप घेताना मास्तर तोंडातून अवाक्षर काढत नसत. गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकायच्या काकू, म्हणजे त्यांची बायको, मागच्या खुर्चीत तुरपाई करत बसलेल्या. गिऱ्हाईकाचं बोलून झालं की त्या सुई कापडात टोचून ठेवायच्या, हात मोकळे करायच्या आणि हवेत चार खुणा करायच्या. मास्तर मान डोलावून खडूची रेघ मारायचे. आपण इतका वेळ घसा कोरडा केला ते या बाईंनी चार खुणांत कसं बसवलं, असं गिऱ्हाईकाला वाटायचं. बसवलं नव्हतंच. बरंचसं वाटेत गाळलं होतं.

मास्तर नवव्या वर्षी तापाने बहिरे झाले. ताप उतरला, ते उठून बसले आणि घरातले सगळे आपल्याभोवती हळू आवाजात बोलताहेत असं वाटून चिडले. चिडून त्यांनी पितळी भांडं जमिनीवर आपटलं. तेही वाजलं नाही. तेव्हा त्यांना काय झालंय ते कळलं, आणि आईला रडताना पाहून खात्री पटली.

त्यांचे वडील अण्णा, दुकान मूळचं त्यांचं. माणूस कमी बोलणारा, मिशा झुपकेदार, मापात तडजोड नाही. त्यांनी कुठून कुठून चौकशी करून मुलासाठी कानाचं यंत्र आणलं. त्या काळी ते साबणाच्या वडीएवढा डबा असे. डबा खिशात, तिथून वायर वर कानात. अण्णांनी ते आधी स्वतःच्या कानात घालून पाहिलं. कापड डब्यावर घासलं की कानात खरखर होते हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी मुलाच्या प्रत्येक सदऱ्याला आतून एक जादा खिसा शिवायला सुरुवात केली, मऊ अस्तराचा, डबा हलणार नाही असा घट्ट. प्रेमाचं बोलणं त्या माणसाला कधी जमलं नाही, पण खिसा मात्र एकही सदरा न चुकता शिवला.

यंत्राने आवाज मोठा व्हायचा, स्पष्ट व्हायचा नाही. भांडी, भोंगे, शिलाईची मशीन सगळं एकदम कानात घुसायचं आणि त्या गर्दीत माणसाचं बोलणं हरवून जायचं. तरी मुलगा तो डबा घालून दुकानात बसला, टीप घालायला शिकला, बाही चढवायला शिकला. मिसरूड फुटलं होतं तेव्हाची गोष्ट. एक गिऱ्हाईक अण्णांना म्हणालं, "माझं कापड त्या बहिऱ्याच्या हातात देऊ नका हो. नासवून ठेवेल." एरवी ज्या डब्यातून एक वाक्य धड आलं नाही त्यातून हे वाक्य अगदी स्वच्छ आलं. मुलाने वायर काढली, डब्याला गुंडाळली आणि डबा बटणांच्या पत्र्याच्या पेटीत टाकला. पुन्हा कधी कानाला लावला नाही, आणि तोंडाने बोलणंही सोडलं. अण्णा मात्र खिसा शिवायचे थांबले नाहीत.

हे सगळं कोपऱ्यातून एका मुलीने पाहिलं. त्या तेव्हा काकू नव्हत्या. बटणं लावायला आणि तुरपाईला ठेवलेल्या होत्या. बटणांची काजं अण्णा स्वतः करायचे, त्यांना दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचे नाहीत. मुलगी बडबडी होती आणि समोरचा ऐकत नाही म्हणून गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती हातांनी बोलायला लागली. दोघांनी मिळून एकेक खूण पाडली. गळ्यात टेप अडकवल्यासारखं केलं की अण्णा. मनगटावरचं घड्याळ बघितलं की थोरला भाऊ, कारण तो जन्मापासून घाईत. नाकावरचा चष्मा वर ढकलला की पलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. कानाशी दोन बोटं फिरवून भुवई उंचावली की 'काय म्हणाले?' ही खूण दिवसातून इतक्या वेळा व्हायची की भिंतीवरच्या आरशालाही पाठ झाली असेल.

या भाषेत 'अहो' नव्हतं. समोरच्याकडे बोट दाखवलं की 'तू', बास. लग्न झालं, सासूबाईंनी नव्या सुनेला नवऱ्याला काय म्हणायचं ते समजावलं, सुनेने मान खाली घालून ऐकलं आणि लगेच नवऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, चहा हवा का? सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पुढे त्यांनाही ते सवयीचं झालं.

लग्नानंतर काकू मास्तरांचा कान झाल्या, आणि पहिल्या दिवसापासून त्या कानाला चाळणी होती. 'कॉलर बघा, कुत्र्याच्या कानासारखी लोळतेय' असं कोणी ओरडलं की मास्तरांपर्यंत 'कॉलर जरा कडक' एवढंच पोचायचं. 'एवढे दिवस? झोपा काढता का?' याचं 'घाईत आहेत' व्हायचं. डब्यातून आलेलं ते एक वाक्य आणि त्यानंतरचा त्या मुलाचा चेहरा काकूंनी पाहिला होता. तसा चेहरा पुन्हा आपल्यादेखत होऊ द्यायचा नाही असं त्यांनी मनाशी धरलं होतं. यात आपण काही चूक करतोय असं त्यांना कधी वाटलं नाही.

अपवाद एकाच वेळचा.

अण्णा शेवटचे दवाखान्यात होते. थोरले भाऊजी उशाशी, मास्तर पायथ्याशी, काकू मध्ये. अण्णांनी डोळे उघडले आणि भाऊजींना म्हणाले, "दुकान विकून टाक. याला एकट्याला जमायचं नाही." मिशांमुळे त्यांचे ओठ मास्तरांना आयुष्यात कधी वाचता आले नव्हते. त्यांनी काकूंकडे बघून कानाशी बोटं फिरवली. काय म्हणाले? काकूंनी हात उचलले ते खरं सांगायलाच उचलले होते. पण मास्तरांच्या डोळ्यांत इतकी आशा होती की हात आपले आपणच वळले. त्यांनी गळ्यात टेप अडकवली, मग मास्तरांकडे बोट दाखवलं, मग दोन बोटांची कात्री चालवली आणि अंगठा वर नेला. अण्णा म्हणतात, तू माझ्यापेक्षा चांगलं बेततोस.

अण्णा त्याच दिवशी गेले. भाऊजी म्हणाले, "वर्षभर बघू, मग दुकानाचं ठरवू." त्यांना खुणा येत नव्हत्या, काकूंनी काय सांगितलं ते त्यांना कळलंही नाही. मास्तर मात्र आठवड्याच्या आत अण्णांची मोठी कात्री घेऊन टेबलाशी उभे राहिले, आणि असे काही कोट बेतू लागले की लांबलांबची माणसं पत्ता विचारत आली. दुकान विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पण महागाचं कापड टेबलावर पसरलं की कात्री लावण्याआधी मास्तर स्वतःशीच गळ्यात टेप अडकवल्याची ती खूण करायचे. अण्णा म्हणालेत. मग कात्री चालायची. दर वेळी काकू नजर तुरपाईत खुपसायच्या. या माणसाचं सगळं दुकान आपल्या एका थापेवर उभं आहे, आणि ती थाप कळली तर तो पुन्हा कापड कापू शकणार नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्या काळातही सोयी येत राहिल्या, पण त्या काकूंच्या बाजूच्या होत्या. वायरमनने दारावरची घंटा मशीनवरच्या तांबड्या दिव्याला जोडून दिली. गिऱ्हाईकाने बटण दाबलं की दिवा लागायचा. शाळा सुटली की पोरं येता-जाता बटण दाबून पळायची आणि दिवा पेटत-विझत राहायचा. मास्तर हातातलं काम टाकून दारात येऊन बघायचे, आणि समोर कोणी नाही म्हटल्यावर हसायचे. पुढे साधा मोबाइल आला. गिऱ्हाईक लिहून विचारू लागलं, 'शर्ट झाला का?' आणि मास्तर लिहू लागले, 'उद्या.' कोणाच्या मदतीशिवाय शिंप्याची थाप स्वतःची स्वतः मारता येते याचा त्यांना कोण आनंद झाला. एकुलती लेक नोकरीसाठी लांब गेल्यावर कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिचा चेहरा दिसायला लागला आणि तिघं हातांनी गप्पा मारू लागली. कधी मध्येच तिचा हात हवेत थिजायचा, आणि ती 'जेवले' म्हणतेय की 'दमले', यावर हे दोघं वाद घालत बसायचे. ते दिवस काकूंना अजून आठवतात. तेव्हा काहीही नवं आलं तरी शेवटी बोलायचे ते त्यांचेच हात.

मग लेक सुट्टीला आली ती नवा फोन घेऊन. फोन टेबलावर उभा करून म्हणाली, "आई, काहीतरी बोल." काकू म्हणाल्या, "काय बोलू?" आणि फोनवर मोठ्या अक्षरांत उमटलं, काय बोलू. मास्तर खुर्चीवरून उठलेच. फोनच्या मागे काय आहे ते त्यांनी वाकून पाहिलं.

"आता बाबांना सांग काहीतरी," लेक म्हणाली.

काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला तोंडाने 'तू' म्हणायचं की 'तुम्ही', हे त्यांनी कधी ठरवलंच नव्हतं. बोटाने भागत होतं. त्या लाजल्या, पदराशी चाळा करत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मास्तर, चहा." लेक हसून हसून खाली बसली.

फोन हुशार होता, पण दुकानात नवा होता. एक बाई म्हणाल्या, "बाही आखूड करा." फोनने लिहिलं, बाई आखूड करा. मास्तरांनी त्या बाईंना आपादमस्तक न्याहाळलं आणि हतबल होऊन काकूंकडे पाहिलं. कोणाची काजं उसवली तर फोनवर काजू उसवायचे. कॉलर कडक करा म्हटलं की कॉलरा कडक व्हायचा. पहिले काही दिवस दुकानात नुसता हशा. काकूही हसल्या, आणि मनातून जरा खूषही झाल्या. यंत्राला काय कळतंय शिवणातलं!

पण यंत्र सुधारत गेलं आणि मास्तरही त्याच्या चुका ओळखायला शिकले. मग चाळणी गेली. मुख्याध्यापिका आल्या, चष्मा वर ढकलून कडाडल्या, "मास्तर, हे काय शिवलंय? पाठीत फुगा आलाय, मी काय उंट आहे?" काकूंची सुई जागच्या जागी थांबली. मास्तरांनी सगळं वाचलं, शब्द न् शब्द. काकूंना तो जुना चेहरा दिसायला लागला होता, तोच मास्तर मोठ्यांदा हसले. त्यांनी बाईंना वळायला सांगितलं, पाठीवर टाचण्या टोचल्या आणि फुगा काढून दाखवला. बाईसुद्धा हसत गेल्या. मास्तरांनी काकूंकडे वळून चष्मा ढकलला आणि पाठीवर उंटाचा उंचवटा दाखवला. त्यांच्या भाषेत ती खूण नवी होती आणि ती त्यांनी एकट्याने पाडली होती.

आणखी एक आफत होती. मास्तरांच्या पाठीमागे पुटपुटायची काकूंना जुनी सवय. ऐकणारा नाही म्हटल्यावर माणूस काय काय बोलतो! एकदा कातरणं झाडताना त्या म्हणाल्या, "आता हा बाबा चहा गार करणार आणि मग तोंड वाकडं करणार." मास्तरांनी फोनकडे पाहिलं, कप उचलला आणि आधणाचा चहा एका दमात घशात ओतला. जीभ चांगली पोळली. त्यानंतर काकू तोंडावर पदर धरून पुटपुटू लागल्या.

दिवसभरात आता मास्तरांची बोटं कानाशी फारशी जात नव्हती. काकूंचे हात मांडीवर पडून राहायचे. कधी सवयीने उचलले जायचे, आणि मास्तर आधीच मान डोलावून कामाला लागलेले असायचे. नवरा मोकळा झाला याचं बरं वाटावं की वाईट, हे त्यांना कळत नव्हतं. खरं सांगायचं तर वाईटच वाटत होतं. जगात तीनच माणसांना येणारी भाषा, आणि तीही पेटीतल्या डब्याशेजारी जाऊन पडणार.

त्यातच भाऊजींचा फोन आला. निवृत्त झालोय, येऊन राहतो, मनसोक्त गप्पा मारू. काकूंनी लगेच टेबलाकडे पाहिलं. भाऊजी गप्पा मारणार म्हणजे अण्णांच्या मारणार, आणि फोन टेबलावर उभा असणार.

भाऊजी आले. घाई संपली होती, केस गेले होते, दातांची कवळी बसवली होती आणि ती सैल होती. सकाळी दुकानात खुर्ची टाकून बसले ते हलेनात. लहानपणीची भांडणं, आईचा मार, अण्णांच्या मिशा, एकेक निघत गेलं. मास्तर फोनवर वाचत होते, पोट धरून हसत होते. सख्खा भाऊ त्यांच्या नवव्या वर्षानंतर पहिल्यांदाच त्यांच्याशी सलग बोलत होता. काकूंना ते बघवतही होतं आणि बघवत नव्हतंही. गप्पा आजारपणाच्या आसपास आल्या की त्या मशीनवर बसून पाय मारू लागायच्या. खडखडाटात फोनला काही ऐकू यायचं नाही. "किती काम करतेस गं," भाऊजी म्हणायचे आणि विषय बदलायचा. एकाच फडक्याला काकूंनी त्या सकाळी इतक्या टिपा मारल्या की ते पुठ्ठ्यासारखं उभं राहिलं.

शेवटी दोरा संपला. काकू रीळ शोधायला वाकल्या, आणि तेवढ्यात भाऊजींनी दुकानावरून नजर फिरवली. डोळे भरून आले. कवळी तोंडात सरकली. गदगदून म्हणाले, "आणि अण्णा म्हणाले होते, दुकान विकून टाक, याला जमायचं नाही. चुकले रे अण्णा. बघ काय उभं केलंस."

काकू वाकलेल्याच राहिल्या. वर पाहण्याची हिंमत होईना.

फोनवर उमटलं होतं, अण्णा म्हणाले होते दुकान शिकून टाक याला जमीन नाही. पुढचं रडण्यात गेलं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, भावाच्या भिजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ते काकूंकडे वळले, भुवई उंचावली आणि कानाशी दोन बोटं फिरवली.

सुटका समोर वाढून ठेवली होती. दोन खुणा केल्या असत्या की भागलं असतं. अण्णा म्हणाले, दुकान नीट शिकून घे. फोनच्या लिहिण्याशी जुळलंही असतं. काकूंना ते सुचलं, आणि सुचल्याची लाजही वाटली. हा माणूस उंट म्हटलेलं हसून वाचतो. शब्द नागवे आले तरी उभा राहतो. आणि इतकं सगळं आल्यावरही अडलं तेव्हा वळला तो आपल्याकडेच. आता त्याला खोटं सांगायचं?

त्यांनी रीळ खाली ठेवलं. गळ्यात टेप अडकवली. मग घड्याळाकडे बघून भाऊजी. मग दुकान, विकणं, आणि शेवटी मास्तरांकडे बोट दाखवून मान दोन्हीकडे हलवली. अण्णा यांना म्हणाले, दुकान विक, तुला जमणार नाही.

मास्तर बघत राहिले. "काय झालं?" भाऊजी विचारत होते, "मी काही चुकीचं बोललो का?" त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. मास्तरांनी सावकाश दोन बोटांची कात्री चालवली, अंगठा वर नेला आणि हात पसरून विचारलं. मग ते कोण म्हणालं?

काकूंनी तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळे नव्हते.

मास्तर टेबलाच्या कडेला टेकून उभे होते. नजर वडिलांच्या कात्रीवर होती. इतकी वर्षं ज्यांच्या भरवशावर कापलं ते शब्द त्या माणसाचे नव्हतेच. काकूंना वाटलं, संपलं. आता हा कात्री ठेवून देणार, डबा ठेवला होता तशी. मास्तरांनी वर पाहिलं. चेहरा कठोर होता. त्यांनी एक बोट हवेत गोल फिरवलं, पुन्हा, आणि ते काकूंच्या छातीकडे रोखलं. पुन्हा सांग. या वेळी तुझं म्हणून.

काकूंनी पदराने तोंड पुसलं. या वेळी टेप अडकवली नाही. छातीवर तळवा ठेवला, मास्तरांकडे बोट दाखवलं, कात्री चालवली, अंगठा वर नेला. मी म्हणते, तू अण्णांपेक्षा चांगलं बेततोस. हात खाली येता येता थांबले. आता चाळणी नाही म्हटल्यावर अर्धवट कशाला सोडायचं? त्यांनी बोटाच्या पेरावर सुई फिरवल्यासारखं केलं, गळ्यात टेप अडकवली आणि अंगठा वर नेला. मग मास्तरांकडे बोट दाखवून नाक मुरडलं. काजं मात्र त्यांचीच. तुझी अजून ओढतात.

मास्तरांनी अंगातल्या शर्टाची बटणपट्टी धरून खाली पाहिलं. वरचं काज खरंच ओढत होतं. ते त्यांना किती वर्षांपासून ठाऊक होतं, फक्त कोणी तोंडावर बोललं नव्हतं. ते काजाकडे बघत राहिले, मग काकूंकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. काजांचं खरं सांगते ती बेतण्याचंही खरंच सांगत असणार. त्यांनी मान डोलावली, गिऱ्हाईकाचं माप कळल्यावर डोलावायचे तशी. मग सकाळपासून टेबलावर पसरून ठेवलेलं कोटाचं कापड हाताने साफ केलं आणि कोणतीही खूण न करता कात्री लावली.